स्फटिकाच्या पाठीवरची माती

१

सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता आम्ही राघूला पहिल्यांदा जागेवरून उचललं, आणि आमच्या आधीच कुणीतरी त्याला उचलल्याचं दिसलं.

राघू म्हणजे आमच्या संग्रहालयातला सगळ्यात देखणा स्फटिक. वजन नऊ किलो. पांढऱ्या, केसाहून बारीक सुयांची गादी आणि तिच्यावर सात हिरवेगार खडे, त्यातला मोठा माझ्या मुठीएवढा. शास्त्रीय नाव अपोफिलाइट, पण मोठे मालक लाडाने राघू म्हणायचे, म्हणून सगळेच म्हणायला लागले. दगडाच्या खाणी त्यांच्या मालकीच्या. खाणीत फोडताना सापडलेले स्फटिक त्यांनी आयुष्यभर जमवले आणि कचेरीच्या वरच्या मजल्यावर मांडले. त्या सगळ्याची देखभाल गेली आठ वर्षं माझ्याकडे आहे.

राघूबद्दल मोठ्या मालकांचा एक कडक नियम होता. त्याला बैठकीवरून उचलायचं नाही. सुया फुंकरीनेही मोडतात, असं कारण सांगायचे. ते गेल्याला वर्ष झालं होतं. आता एका मोठ्या प्रदर्शनाने राघूला बोलावलं होतं आणि दोन गोष्टी मागितल्या होत्या: सगळ्या बाजूंनी फोटो, आणि तो नेमका कुठे सापडला याचा दाखला. म्हणून मी आणि दादा, म्हणजे मोठ्या मालकांचा मुलगा, दोघांनी मिळून तो उचलला.

खालचं बनातीचं कापड ओलं होतं.

आम्ही राघूला हळूच कुशीवर टेकवला. तळावर वर्षानुवर्षांची धूळ होती, आणि त्या धुळीच्या मधोमध आगपेटीएवढा एक चौकोन स्वच्छ. वास घेतला तर भिजलेल्या डिंकाचा.

"इथे एक कागद चिकटवलेला होता," मी म्हणाले. "कालपरवा कुणीतरी काढून नेलाय."

दादा हसायला लागला. "म्हणजे चोराने कपाट उघडलं, एवढा मोलाचा दगड हातात घेतला, परत जागेवर ठेवला आणि कागद घेऊन गेला? अगं, हा तर आपल्या कचेरीतलाच माणूस निघाला!"

मला हसू येईना. कपाटाचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोनच. एक मालकांच्या घरी असायची, आणि दुसरी त्या क्षणी माझ्या गळ्यातल्या दोरीला लटकत होती.

२

दादाला पोलीस नको होते. "कागद चोरीला गेला म्हणून तक्रार देऊ? आणि कसला कागद म्हणून विचारलं तर काय सांगू?" तेही खरंच होतं. मी मामाला फोन केला.

माझा मामा खाणींची सरकारी मोजणी करायचा. निवृत्त झाला, तरी त्याच्या खिशातली मोजपट्टी काही निवृत्त झाली नाही. कोणाच्या घरी गेला तरी बोलता बोलता जिन्याच्या पायऱ्या मोजतो. माणूस शांत, थोडा कंटाळवाणा, पण त्याची नजर चुकत नाही.

तो आला. आधी कुलूप पाहिलं, मग कापड, मग तो चौकोन. भिंग लावून बराच वेळ चौकोनाच्या कडा पाहत राहिला.

"खरवडलेलं नाही," तो म्हणाला. "ज्याला कागद नाहीसा करायचाय, तो पातं घेऊन दोन मिनिटांत खरवडून टाकेल. इथे दगडावर एक ओरखडा नाही. ओलं फडकं लावून, डिंक सुटेपर्यंत वाट पाहून अख्खा उचललाय. ज्याने नेला त्याला तो कागद धड हवा होता." मग वरच्या सुयांकडे बोट दाखवलं. "किती मोडल्यात?"

मी मोजून पाहिलं होतं. "एकही नाही."

"म्हणजे याला कुठे धरायचं ते ठाऊक असलेला माणूस." तो राघूच्या पाठीकडे वळला, जी बाजू कायम बैठकीत दडलेली असायची. तिथे विटकरी रंगाच्या मातीचा एक जाड पापुद्रा दगडाला घट्ट चिकटलेला होता.

मामाचा हात थांबला.

"पोरी, याच्या नोंदीच्या कार्डावर काय लिहिलंय?"

मी वाचलं. पूर्व खाण, आणि साल. पश्चिमेकडची खाण कोसळून बंद झाली त्याच्यानंतर दोन वर्षांनी.

"तुमच्याकडे बोअरच्या नळीतले जुने नमुने असतील. पश्चिम खाणीचे."

खणातून मी ती लांबट पेटी काढली. त्यातला सगळ्यात खालचा तुकडा त्याने राघूच्या पाठीला लावून धरला. तोच विटकरी रंग, आणि तेच मोहरीएवढे पांढरे ठिपके. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ते मातीसारखं झालं होतं.

"मी घरी जाऊन माझी जुनी वही घेऊन येतो," तो म्हणाला. "तोवर तुझ्या आईला यातलं काही बोलू नकोस."

"आईचा काय संबंध?"

तो जिना उतरायला लागला. पायऱ्या न मोजता.

३

आईचा संबंध एवढाच होता, की माझे बाबा याच खाणीत कामाला होते. दगडाच्या पोटातली पोकळी फोडून आतले स्फटिक अख्खे बाहेर काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, असं सांगतात. मी सहा वर्षांची असताना ते घर सोडून गेले. सायकल बसस्टँडवर सापडली. कोण्या बाईबरोबर गेले, असं आधी एक जण म्हणाला, मग सगळेच म्हणायला लागले. आईने शाळेचे गणवेश शिवून मला वाढवलं. पुढे माझ्या शिक्षणाचं मोठ्या मालकांनी पाहिलं आणि नोकरीही त्यांनीच दिली. देवमाणूस, असं आई म्हणायची.

मामा येईपर्यंत मला स्वस्थ बसवेना. संग्रहालयाच्या मागेच मालकांचं घर. मालकीणबाई स्वयंपाकघरात बसल्या होत्या, उजव्या मनगटाला पट्टा. पंधरा दिवसांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून हात मोडला होता त्यांचा. किल्ली फ्रिजशेजारच्या खिळ्याला नेहमीसारखी टांगलेली होती.

"काल रविवारी ही किल्ली कोणी नेली होती का?"

"कोण नेणार? काल घरात मी एकटीच. दादा कालचा पूर्ण दिवस बाहेरगावी."

"मग किल्ली ओली कशी?"

मी तिला हात लावला होता. कडीत अडकवलेल्या कापडी गोंड्यात अजून दमटपणा होता, आणि बोटांना डिंकाचा चिकटा लागला.

मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "माझ्या हाताने चहाचा कपसुद्धा उचलत नाही, बाळ. तुझा दगड मी काय उचलणार?"

"तुम्ही उचललात असं मी कुठे म्हटलं?"

त्यांनी मनगटाचा पट्टा चाचपला. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "जाऊ दे ना तो दाखला. नाही गेला राघू प्रदर्शनात, तर काय बिघडलं?"

मी बाहेर आले. या बाईंनी मला परीक्षेच्या दिवशी स्वतःच्या हाताने पेन भरून दिलं होतं. त्या माझ्याशी खोटं बोलत होत्या, आणि का, ते मला कळत नव्हतं.

४

मामा वही घेऊन आला, पण वर आला नाही. त्याने मला आणि दादाला पश्चिम खाणीच्या काठावर बोलावलं. कुंपणापलीकडे हिरवंकाळं पाणी. एका बाजूची भिंत ढासळून पाण्यात उतरलेली.

"सव्वीस वर्षांपूर्वी, बुधवारी संध्याकाळी, मी या खाणीचा तळ मोजला," मामाने वहीचं पान उघडलं. "चाळीस फूट खोल. सगळा तळ काळा दगड. तांबडा थर त्याच्याही खाली हातभर, तो फक्त बोअरमध्ये लागला होता. या अख्ख्या टेकडीत तो थर दुसरीकडे कुठेच उघडा पडलेला नाही. पूर्व खाण तर त्याच्या कितीतरी वरच संपते."

"मग?" दादा म्हणाला.

"त्या संध्याकाळी भिंतीला मला भेग दिसली. मी खाण बंद करायचा हुकूम लिहिला. कोणी उतरू नये म्हणून शिडीसुद्धा माझ्यासमोर वर काढून घेतली. शुक्रवारी कळलं, गुरुवारी भिंत आपोआप पडली, खाली कोणी नव्हतं, पंप बंद पडले. मी येऊन पाहिलं तर पुरुषभर पाणी. तेव्हापासून हा तळ कोणी पाहिलेला नाही." त्याने वही मिटली. "बुधवारी संध्याकाळी तांबडा थर बंद होता. शुक्रवारी पाण्याखाली होता. आणि तुमच्या राघूच्या पाठीला ती माती आहे. मग तो निघाला कधी?"

दादाच्या चेहऱ्यावरचं हसू केव्हाच गेलं होतं. "गुरुवारी."

"गुरुवारी. शिडी नसताना, कोणीतरी दोरावरून खाली उतरून, हातभर दगड फोडून, एकही सुई न मोडता तो काढला. असं काम करणारा माणूस या खाणीत एकच होता."

मला ऐकू येत होतं, पण शब्द आत जात नव्हते. बाबा गेले तो दिवस गुरुवारच होता. आईच्या तोंडून हजारदा ऐकलेला गुरुवार.

"मामा," मी म्हणाले, "सायकल तर बसस्टँडवर होती."

"सायकल कोणीही नेऊन ठेवू शकतो, पोरी." तो कुंपणापलीकडच्या पाण्याकडे वळला. "आणि मी, मी सव्वीस वर्षं माझ्या मेहुण्याला शिव्या देत बसलो. ताईला म्हणालो, विसर त्या नालायकाला."

दादा मटकन खाली बसला. मग मामानेच विचारलं, "राघूला कुठे धरायचं हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत आहे?"

उत्तर मला सकाळपासून माहीत होतं. मी ते स्वतःपासून लपवत होते.

"सुईकाकांना," मी म्हणाले. "आज ते कामावर आलेले नाहीत."

५

सुईकाका स्फटिक साफ करायचे. पातळ सुई आणि पाण्याची पिचकारी घेऊन महिनोन् महिने एकेका नमुन्याची माती काढायचे. मला सगळं काम त्यांनी शिकवलं. आठ वर्षांत एकदाही रजा नाही. आज शेजाऱ्याकडून निरोप आला होता: ताप आहे.

आम्ही तिघं गेलो तेव्हा त्यांच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. हाक मारली, आतून आवाज नाही. मामाने दार ढकललं तेव्हा माझ्या मनात नको नको ते येऊन गेलं.

ते टेबलाशी बसले होते. ताप वगैरे काही नव्हता. समोर दोन काचा एकावर एक ठेवलेल्या, आणि मध्ये एक कागद वाळत घातलेला.

"ये," ते मला म्हणाले. "मी तुझीच वाट बघत होतो. उठून यायचं धाडस नव्हतं."

सिगारेटच्या पाकिटातला आतला कागद. त्यावर पेन्सिलने लिहिलेल्या दोन ओळी.

*दुसरा याच्याहून मोठा आहे. सुटत आलाय.*
*दोर लगेच सोडा.*

मामाने अक्षर पाहिलं आणि भिंतीला टेकला. "भाऊजींचं आहे."

"पंपाच्या आवाजात खालचं वर ऐकू यायचं नाही," सुईकाका सांगायला लागले. सावकाश, एकसुरी, जणू हे सगळं स्वतःशी रोज म्हणून पाठ झालं होतं. "म्हणून तो बादलीतून चिठ्ठ्या पाठवायचा. तळाखाली पोकळी आहे हे त्याला बुधवारीच दगडावर ठोकून कळलं होतं. खाण बंद झाली तर ती कायमची जाईल, म्हणून मालक म्हणाले, सकाळी लवकर उतर, तासाभराचं काम. वर आम्ही दोघंच, मालक आणि मी. बादली वर आली. आत हा राघू. मालक वेडे झाले. मीही झालो. असं काही आम्ही जन्मात पाहिलं नव्हतं. माती ओली आहे तोवर धुऊन पाहू म्हणून आम्ही तो शेडमध्ये नेला."

त्यांनी वरची काच सरळ केली.

"दोर?" मामाने विचारलं.

"वरच राहिला."

"किती वेळ?"

"वीस मिनिटं. पंचवीसही असतील. आम्ही राघू बघत होतो."

मामाने दोन्ही हातांनी टेबल धरलं. मला माहीत होतं तो काय विचार करतोय. शिडी असती तर बाबा चढून आले असते, आणि शिडी त्याने स्वतः काढून घेतली होती.

"मग भिंत आली," सुईकाका म्हणाले. "आम्ही धावत आलो. नुसता धुरळा. हाका मारल्या."

"आवाज आला?" हे मी विचारलं.

"नाही आला." त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "पण आम्ही फार वेळ ऐकत थांबलोही नाही. मालक म्हणाले, बंद खाणीत माणूस उतरवला म्हणून दोघंही तुरुंगात जाऊ. पंप बंद कर. मी केला. सायकलही मीच नेली. चिठ्ठी मालकांना माहीत नव्हती, ती माझ्या मुठीतच राहिली होती. जाळता येईना. राघूसाठी बैठक बनवली तेव्हा त्याच्या तळाला चिकटवून टाकली. वाटलं, कधीतरी कोणी उचलेल, वाचेल, माझी सुटका होईल. पण तूच उचलणार म्हटल्यावर धीर सुटला. रविवारी मालकीणबाईंकडून किल्ली मागून घेतली."

"त्यांनी विचारलं नाही कशाला?"

"नाही. त्यांना विचारायची गरज नव्हती."

६

मालकीणबाईंनी काही नाकारलं नाही. दादाने विचारलं, "आई, तुला माहीत होतं?" आणि त्या फक्त होकारार्थी मान हलवत राहिल्या. मोठ्या मालकांनी बायकोपासून हे लपवलं नव्हतं.

"मला वाटलं," त्या मला म्हणाल्या, "तुला शिकवलं, पायावर उभं केलं, की फिटेल."

मी बोलणार नव्हते, पण बोलले. "माझं फिटलं असेल. माझ्या आईला तुम्ही सव्वीस वर्षं टाकलेली बाई म्हणून जगू दिलंत. रस्त्यात भेटलात की तिची चौकशी करत होतात. तेव्हा एकदाही जीभ अडखळली नाही?"

दादा तिथून उठला तो थेट खाणीवर गेला. त्याच दुपारी त्याने स्वतः पोलिसांना कळवलं आणि दुसऱ्या दिवशी तीन पंप आणून लावले. सुईकाका आपल्या पायांनी ठाण्यात गेले. मामाने बरोबर जाऊन आपला जबाब लिहून दिला. त्यात शिडीचं वाक्य त्याने स्वतः घातलं. फौजदार म्हणाला, याची काही गरज नाही. मामा म्हणाला, मला आहे.

आईला मीच सांगितलं. ती मशीनवर बाही जोडत होती. मी सांगत गेले आणि तिचा पाय मशीनच्या पायडलवर तसाच चालत राहिला, कापड केव्हाच संपलं होतं तरी. सुई नुसती वरखाली होत होती. मग पाय थांबला.

"म्हणजे कोणी बाई नव्हती," ती म्हणाली.

"नव्हती, आई."

"आणि मी त्याचे कपडे जाळले." तिने दोन्ही तळवे मशीनवर पालथे ठेवले. रडली नाही. मला त्याचीच भीती वाटली.

पंप नऊ दिवस चालले. आई रोज सकाळी काठावर जाऊन बसायची, संध्याकाळी परत यायची. पाणी उतरत गेलं तशी भिंतीवरची ओली रेघ खाली खाली सरकत गेली. दादा तिच्यासाठी खुर्ची आणून ठेवायचा आणि लांब उभा राहायचा. ती खुर्चीवर बसायची, पण त्याच्याशी बोलायची नाही. सहाव्या दिवशी मात्र म्हणाली, "तूही बस."

दहाव्या दिवशी दगड बाजूला करणारी माणसं थांबली. एकाने वर पाहून हात केला. भिंत पडली तिथून दहा पावलं दूर, दोर जिथून सोडायचे नेमक्या त्या जागेखाली बाबा होते. दगड त्यांच्या कमरेपर्यंतच आले होते; त्याच्या वर आलं ते पंप बंद झाल्यावरचं पाणी.

हे मला मामाने सांगितलं. त्याचा अर्थ काय, ते त्याने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आईला तो मी अजून कळू दिलेला नाही. पण तिने काठावरून सगळं पाहिलं होतं, आणि ती इतकी वर्षं मापं घेऊन कापड कापत आली आहे.

नोंद करायला नवा पोरगेला हवालदार आला होता. त्याला जुनं काही माहीत नव्हतं. फॉर्म गुडघ्यावर ठेवून त्याने आईला विचारलं, "मयत तुमचे कोण?"

"नवरा."

"शेवटचं कधी पाहिलं? घर सोडून गेले होते, असं इथे जुन्या कागदात आहे."

आई खुर्चीतून उठली. तिने पदर नीट केला आणि त्या माणसाच्या हातातल्या कागदाकडे बोट दाखवलं.

"ते खोडा," ती म्हणाली. "लिहा, कामावर गेला होता."